शत्रूची भाषा बोलणारा शेजारी

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या मिलवॉकी शहरात जॉर्ज ब्रुमडर नावाच्या जर्मनभाषी प्रकाशकाने १८९६ साली आपल्या ग्रंथव्यवहारासाठी आणि वृत्तपत्रांसाठी एक आठ मजली टोलेजंग इमारत उभारली, तिला ‘जर्मानिया’ असे नाव दिले, आणि जर्मन राष्ट्राची मूर्तिमंत देवता जी जर्मानिया, तिचा तीन टन वजनाचा ब्राँझचा पुतळा प्रवेशद्वाराच्या माथ्यावर बसविला. छपरावरचे घुमट तर प्रशियाच्या शिपायाच्या टोकदार शिरस्त्राणाची आठवण करून देणारे होते. अमेरिकेच्या भूमीवर परक्या राष्ट्राची देवता उभी राहते आहे याचे त्या काळी कोणालाही वैषम्य वाटले नाही. उलट शहराच्या वैभवात भर पडली असेच सर्वांनी मानले. बावीस वर्षांनी, १९१८ साली, तो पुतळा खाली उतरविण्यात आला आणि इमारतीचे नाव बदलून तिला मालकाचे आडनाव देण्यात आले. ते आडनावही जर्मनच होते, ही गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. आणि घुमटांची शिरस्त्राणे तशीच राहिली, कारण ती उतरवायची तर छपरालाच हात घालावा लागला असता.

अमेरिकेतील जर्मनांविषयीच्या भावनेचा विचार करताना मला या इमारतीची आठवण वारंवार होते. ज्या वस्तूवर नाव लिहिलेले असते तिच्यावर लोकांचा रोष आधी जातो, आणि माणसाच्या अंगावरचे सर्वांत ठळक नाव म्हणजे त्याच्या तोंडची भाषा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जर्मन सैन्याशी युद्ध केले ते फ्रान्सच्या रणभूमीवर, परंतु आपल्या घरी तिने जे युद्ध केले ते मुख्यतः जर्मन भाषेशी, आणि त्या दुसऱ्या युद्धात तिला मिळालेला विजय पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ ठरला.

वास्तविक जर्मन हे त्या देशातील उपरे नव्हेत. क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबे १६८३ साली पेन्सिल्व्हेनियात उतरली आणि त्यांनी वसविलेल्या गावाला जर्मनटाउन हेच नाव पडले. पुढे १८४८ ची जर्मनीतील लोकक्रांती फसल्यावर परागंदा झालेले सुशिक्षित, स्वातंत्र्यवादी तरुण मोठ्या संख्येने आले. त्यांच्यापैकी कार्ल शुर्त्स हा यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सेनापती झाला आणि १८७७ साली अध्यक्षांच्या मंत्रिमंडळात अंतर्गत कारभाराचा मंत्री म्हणून बसला. त्याची पत्नी मार्गारेटे हिने १८५६ साली विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन गावी देशातली पहिली किंडरगार्टन काढली, ती अर्थात जर्मन भाषेत. १९१० च्या खानेसुमारीत सुमारे सव्वानऊ कोटी लोकसंख्येपैकी ऐंशी लाखांच्या आसपास माणसे स्वतः जर्मनीत जन्मलेली किंवा जर्मन आईबापांच्या पोटी आलेली होती. सिनसिनाटी, सेंट लुईस, मिलवॉकी या शहरांत त्यांच्या व्यायामशाळा, गायनमंडळे, वृत्तपत्रे, प्रार्थनामंदिरे आणि झाडांखाली बाके मांडलेल्या बिअरच्या बागा होत्या. रविवारी सहकुटुंब बागेत बसून बिअर प्यावी, वाद्यवृंद ऐकावा, हा त्यांचा शिरस्ता मद्यपाननिषेधवादी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपत असे खरा; पण तेवढे वगळले तर कष्टाळू, काटकसरी, संगीतप्रेमी आणि विद्याव्यासंगी असा त्यांचा लौकिक होता. माध्यमिक शाळांतील दर चार विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक जण जर्मन शिकत असे.

हा लौकिक मावळायला तीन वर्षेही लागली नाहीत. बेल्जियमवरील आक्रमणाच्या कहाण्या ब्रिटिशांच्या मार्फत येत होत्याच. ७ मे १९१५ रोजी लुसिटानिया हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले आणि मृतांत १२८ अमेरिकन निघाले, तेव्हा त्या कहाण्यांना पुराव्याची जोड मिळाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जोडनावाच्या अमेरिकनांवर, म्हणजे ‘जर्मन-अमेरिकन’ असे संयोगचिन्ह मिरविणाऱ्यांवर, जाहीर सभेत तोफ डागली. मग १९१७ च्या मार्चमध्ये झिमरमनची ती प्रसिद्ध तार छापून आली. मेक्सिकोने अमेरिकेवर चाल करावी आणि बक्षीस म्हणून टेक्सस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवावेत, अशी ती जर्मन परराष्ट्रमंत्र्याची तजवीज होती. एवढे झाल्यावर ६ एप्रिलच्या युद्धघोषणेने कोणी चकित झाले नाही. गंमत अशी, की घोषणेच्या चार दिवस आधी काँग्रेससमोर बोलताना अध्यक्ष विल्सन यांनी आमचा झगडा जर्मन जनतेशी नाही, तिच्या राज्यकर्त्यांशी आहे, असे स्वच्छ सांगितले होते. हा भेद भाषणात शोभून दिसला. रस्त्यावर तो आठवडाभरही टिकला नाही.

तो टिकू नये अशी व्यवस्थाच सरकारने केली होती. जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली प्रचाराची एक समिती स्थापन झाली, आणि चित्रपटगृहात रिळे बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत प्रेक्षकांपुढे युद्धाची महती गाणारे पंचाहत्तर हजार वक्ते तिने देशभर पेरले. न्यायखात्याच्या संमतीने ‘अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग’ ही हौशी हेरांची संघटना उभी राहिली, तिचे सभासद अडीच लाखांच्या घरात गेले. भित्तिपत्रकांवर जर्मन शिपाई हा सुळे विचकणारा, रक्ताळलेल्या हातांचा वानर म्हणून दिसू लागला. ज्या जर्मनांनी नागरिकत्व घेतले नव्हते त्यांना शत्रुपक्षीय परदेशी म्हणून नोंद करून घ्यावी लागली, बोटांचे ठसे द्यावे लागले. काही हजारांना अटक झाली आणि जॉर्जियातील फोर्ट ओगलथॉर्पसारख्या छावण्यांत त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. बोस्टनच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मुक हे त्यांपैकीच एक. राष्ट्रगीत वाजविण्यास त्यांनी नकार दिला असा त्यांच्यावर बोभाटा झाला होता; त्यानंतर ते दर कार्यक्रमात राष्ट्रगीत वाजवीत राहिले, तरी १९१८ च्या मार्चमध्ये त्यांना पकडण्यात आले आणि युद्ध संपल्यावर देशाबाहेर पाठविण्यात आले.

त्या दिवसांतील शब्दांच्या शुद्धीकरणाची कथा बहुतेकांना ठाऊक असते: आंबवलेल्या कोबीच्या ‘साउअरक्राउट’ला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणू लागले, हॅम्बर्गरचे ‘लिबर्टी स्टेक’ झाले, आणि जर्मन गोवराची बाधासुद्धा ‘लिबर्टी मीझल्स’ या नावाने होऊ लागली. सिनसिनाटीत जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला. हे सारे हास्यास्पद आहे आणि त्याला हसून आपण पुढे जातो. पण आयोवा राज्याचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी २३ मे १९१८ रोजी काढलेला जाहीरनामा वाचताना हसू मावळते. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर आणि प्रार्थनामंदिरातसुद्धा इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्याची मनाई त्यात होती, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी आपली उपासना घरी करावी अशी मुभा ठेवलेली होती. ज्या पंथाची म्हातारी माणसे मृताच्या शेवटच्या प्रार्थनेपुरती तरी ल्यूथरच्या जर्मनवाचून दुसरी भाषा जाणत नव्हती, त्यांना या मुभेचा काय उपयोग झाला असेल याचा विचार करावा. स्कॉट परगण्यातील चार स्त्रिया टेलिफोनवर जर्मन बोलताना सापडल्या, तेव्हा दंडादाखल त्यांना रेड क्रॉसला २२५ डॉलर भरावे लागले.

इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल या खाणकामगारांच्या गावी ५ एप्रिल १९१८ च्या पहाटे, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर, जे घडले त्यात या साऱ्या वातावरणाची परिणती दिसते. रॉबर्ट प्रागर हा ड्रेसडेनहून १९०५ साली आलेला मनुष्य. नागरिकत्वासाठी त्याने अर्ज केलेला होता, नौदलात भरती होण्याचाही प्रयत्न केला होता, पण एक डोळा काचेचा असल्याने तो नाकारला गेला. खाणकामगारांच्या संघाने त्याला सभासद करून घेतले नाही आणि तो हेर असावा अशी कुजबूज सुरू झाली. जमावाने त्याला घरातून बाहेर काढले, अनवाणी चालविले, अंगाभोवती अमेरिकेचे निशाण गुंडाळून देशभक्तीची गाणी म्हणायला लावले. पोलिसांनी त्याला सोडवून नगरभवनाच्या तळघरात लपविले, तेथूनही तो शोधून काढण्यात आला आणि सेंट लुईसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका झाडाला लटकविण्यात आला. मरण्यापूर्वी त्याने आईबापांना चार ओळी लिहिण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. त्याने त्या लिहिल्या त्या जर्मनमध्ये. ज्या भाषेपायी हे सारे चालले होते तीच भाषा कागदावर उतरू देण्याइतके सौजन्य त्या जमावाने दाखविले, याचा अर्थ कसा लावावा हे मला आजवर उमगलेले नाही. पुढे अकरा जणांवर खटला झाला आणि पंचांनी अवघ्या काही मिनिटांत सर्वांना निर्दोष सोडले. प्रागरच्या इच्छेनुसार त्याला पुरताना निशाण बरोबर दिले होते, तेही अमेरिकेचेच.

त्याच एप्रिलमध्ये, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, एका खटल्याचा निकाल लागला. त्याचा संबंध थेट आपल्याशी पोहोचतो. गदर पक्षाच्या हिंदी क्रांतिकारकांनी जर्मन वकिलातीच्या पैशाने शस्त्रास्त्रे हिंदुस्थानकडे धाडण्याचा कट केला, असा हा ‘हिंदू-जर्मन कट’ खटला होता, आणि शेवटच्या दिवशी भर न्यायालयात रामचंद्र या आरोपीला दुसऱ्या आरोपीने गोळी घालून ठार केल्यामुळे तो अधिकच गाजला. या पक्षाच्या मुळाशी असलेल्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. सिॲटलला शिकण्यासाठी गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे तर १९१५ च्या नोव्हेंबरातच लाहोरला फासावर गेले होते. ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्याविषयी अमेरिकन माणसाच्या मनात एरवी जी थोडी सहानुभूती असे, ती ‘जर्मन’ हे विशेषण जडताच नाहीशी झाली.

शत्रूच्या मालमत्तेची जप्ती हा या प्रकरणाचा आणखी एक भाग. ॲस्पिरिन बनविणाऱ्या बायर कंपनीचा अमेरिकेतील सारा पसारा, नाव आणि पेटंटांसह, सरकारजमा होऊन युद्ध संपल्यावर १९१८ च्या डिसेंबरात लिलावात विकला गेला. दारूबंदीची चळवळ तर कितीतरी जुनी. पण बहुतेक मोठे बिअरचे कारखाने जर्मनांचे होते, आणि कैसरशी लढायचे तर आधी पाब्स्ट, श्लिट्झ व मिलर यांच्याशी लढा, अशा आवाहनाला १९१८ साली जो जोर चढला तो त्यापूर्वी कधी चढला नव्हता. या कारखानदारांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचे गायझेल घराणे होते. त्यांच्यातला थिओडोर युद्धकाळात चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा, त्याला सोबती जर्मन म्हणून हिणवीत. त्याची पुढची हकीगत थोड्या वेळाने येईल.

नेब्रास्काने प्राथमिक शाळांत परकी भाषा शिकविण्यास बंदी करणारा कायदा केला तो १९१९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे तोफा थंडावून पाच महिने लोटल्यावर! मुलाने आठवी उत्तीर्ण होईपर्यंत त्याला इंग्रजीखेरीज कोणतीही जिवंत भाषा शिकवायची नाही. मेलेल्या भाषांना, म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूला, हरकत नव्हती. रॉबर्ट मायर हे एका ल्यूथरपंथी शाळेचे शिक्षक. १९२० च्या मे महिन्यात दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलातील कथा जर्मनमधून वाचावयास शिकवीत असताना सरकारी वकील दारात येऊन उभे राहिले. मायर यांनी पुस्तक मिटले नाही. त्यांना २५ डॉलर दंड झाला, तो त्यांनी भरला नाही, आणि हा पंचवीस डॉलरांचा कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने कायदा रद्द ठरविला. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत, आश्चर्य वाटेल, पण मतस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून नावाजलेले न्यायमूर्ती होम्स होते. निकाल मोलाचा खरा, पण तो हाती आला तेव्हा ज्या भाषेसाठी लढाई झाली तीच बाजारातून उठलेली होती: माध्यमिक शाळांत जर्मन शिकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले होते, जर्मन वृत्तपत्रांपैकी निम्म्याहून अधिक बंद पडली होती, आणि आईबाप मुलांशी घरातसुद्धा इंग्रजीच बोलू लागले होते. न्यायालय हक्क परत देऊ शकते, सवय परत देऊ शकत नाही.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे पश्चात्तापाची होती, आणि हा पश्चात्ताप पुढे फार महाग पडला. रेमार्कच्या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटात जर्मन शिपायाच्या मरणावर अमेरिकन प्रेक्षकांनी १९३० साली अश्रू ढाळले. बेल्जियममधील अत्याचारांच्या बहुतेक कहाण्या प्रचारकांनी फुगविल्या होत्या असे लेखक सांगू लागले. आणि सिनेटर नाय यांच्या चौकशी समितीने अमेरिकेला युद्धात ओढल्याबद्दल शस्त्रांचे व्यापारी व सावकार यांच्याकडे बोट दाखविले. आपण एकदा फसविले गेलो या जाणिवेने सामान्य अमेरिकन माणूस इतका सावध झाला, की हिटलरच्या राज्यातील खरे अत्याचार कानांवर आले तेव्हा त्याला ती जुनीच थाप वाटली. १९३९ च्या फेब्रुवारीत फ्रिट्झ कून या इसमाच्या ‘बुंड’ या हिटलरधार्जिण्या जर्मन-अमेरिकन संघटनेने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वीस हजारांची सभा भरविली आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राशेजारी स्वस्तिके लावली, तेव्हा थोडी खळबळ झाली, परंतु त्याच वर्षअखेर कून बुंडच्याच पैशांच्या अफरातफरीत सापडून तुरुंगात गेला, आणि जर्मन वंशाच्या बहुसंख्य लोकांनी त्याच्याकडे पाठच फिरविलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध १९१८ सारखा वणवा पेटला नाही, याचे श्रेय अमेरिकेला आलेल्या शहाणपणाला देण्याची प्रथा आहे. मला ती तितकीशी पटत नाही. पेटायला फारसे काही उरलेच नव्हते. पाट्या बदलल्या होत्या, नावांचे स्पेलिंग बदलले होते, गायनमंडळे ओसाड पडली होती, आणि युरोपातील सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर व प्रशांत महासागरातील आरमाराचा प्रमुख निमिट्झ या दोघांची आडनावे जर्मन आहेत हे लोकांना सांगितल्याशिवाय लक्षातही येत नव्हते. सुमारे अकरा हजार जर्मन स्थानबद्ध झाले, त्यांतल्या कित्येकांवर अन्यायही झाला. पण पश्चिम किनाऱ्यावरून एक लाख दहा हजारांहून अधिक जपानी वंशाची माणसे, बायकामुलांसह, घरदार सोडून काटेरी तारांमागे गेली, आणि त्यांतील दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. जर्मनाला आपले जर्मनपण जिभेवरून पुसून टाकता आले. जपान्याला चेहरा पुसता येणे शक्य नव्हते.

याहून विचित्र प्रकार युद्धकैद्यांच्या छावण्यांत पाहावयास मिळाला. पावणेचार लाखांच्या आसपास जर्मन सैनिक कैद होऊन अमेरिकेत आले, कॅन्सस, टेक्सस, आयोवा अशा राज्यांतील छावण्यांत राहिले, आणि मजुरांच्या तुटवड्यामुळे दिवसाला ऐंशी सेंट मजुरीवर कापूस वेचण्यास, बीट उपटण्यास शेतांवर जाऊ लागले. ते हिटलरच्या सैन्यातले प्रत्यक्ष शत्रू. तरी शेतकऱ्यांनी त्यांना घरच्या टेबलावर जेवू घातले, आणि काही ठिकाणी घरची आजी तीस वर्षे दाबून ठेवलेली जर्मन त्यांच्याशी बोलली. दक्षिणेतील उपाहारगृहांत हे कैदी पहारेकऱ्यांबरोबर बसून जेवत, आणि त्याच उपाहारगृहांत गणवेशातील काळ्या अमेरिकन सैनिकाला आत पाऊल टाकण्याची मनाई असे. काळ्या सैनिकांनी हे पाहिले, लिहून ठेवले, आणि ते विसरले नाहीत.

१९४५ साली जर्मनी जिंकल्यावर तेथे ठाण मांडणाऱ्या अमेरिकन शिपायांना दाखविण्यासाठी लष्कराने एक बोधपट काढला. जर्मन माणूस हसतमुख दिसला तरी भुलू नका, हस्तांदोलन करू नका, त्याच्या घरी जाऊ नका, त्याच्या मुलांवरही विश्वास ठेवू नका, असे बजावणारी त्याची संहिता ज्याने लिहिली तो म्हणजे स्प्रिंगफील्डचा तोच थिओडोर गायझेल. पुढे साऱ्या जगातील इंग्रजी वाचणाऱ्या मुलांना तो ‘डॉक्टर स्यूस’ या नावाने ठाऊक झाला. ज्या पोराला जर्मन म्हणून चिडविले गेले, ज्याच्या घरचा धंदा दारूबंदीत बुडाला, त्यानेच हे लिहावे! त्यात ढोंग नव्हते असे मला वाटते. हिटलरच्या छळछावण्यांतील प्रेतांचे ढीग त्या वसंतात साऱ्या जगाने पाहिले होते. पण शिपायांनी हा उपदेश कितपत मानला ते पाहण्यासारखे आहे. जर्मन स्त्रीशी बोलताना सापडल्यास ६५ डॉलर दंड होता. तरी उन्हाळ्यात आधी लहान मुलांपुरती, मग रस्त्यातल्या संभाषणापुरती सवलत द्यावी लागली, ऑक्टोबरात बहुतेक निर्बंध उठले, आणि १९४६ च्या डिसेंबरात लग्नालाही परवानगी मिळाली.

वरिष्ठ पातळीवरचे मतांतर असे हळूहळू झाले नाही. अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांची, जर्मनीचे कारखाने मोडून तिला शेतीचा मुलूख करावा, ही योजना १९४४ च्या सप्टेंबरात क्वेबेक येथे अध्यक्ष व चर्चिल यांनी तत्त्वतः मान्य केली होती; बरोबर दोन वर्षांनी परराष्ट्रमंत्री बर्न्स स्टुटगार्टमध्ये उभे राहून जर्मनांना त्यांचे राज्य त्यांच्या हाती परत देण्याची भाषा करीत होते. मधल्या काळात जर्मन बदलला नव्हता, रशिया बदलला होता. १९४८ च्या जूनमध्ये स्टालिनने बर्लिनचे रस्ते अडविले, आणि ज्या शहरावर तीन वर्षांपूर्वी बाँब टाकले त्याच शहरावर अमेरिकन व ब्रिटिश विमाने पीठ आणि कोळसा उतरवू लागली. पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्यांत तेवीस लाख टन माल गेला. गेल हॅल्व्हर्सन नावाच्या वैमानिकाने रुमालाची छत्री करून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटे टाकली, आणि अमेरिकेतील घराघरांतून रुमाल गोळा होऊ लागले. लंडनवर अग्निबाण सोडणारा व्हेर्नर फॉन ब्राउन तर तोपर्यंत टेक्ससमध्ये अमेरिकन लष्कराच्या पगारावर होता. पुढे त्याच्याच अग्निबाणाने अमेरिकन माणूस चंद्रावर गेला. त्याच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीची नक्कल लोक कौतुकाने करीत.

१९९० च्या खानेसुमारीत आपले मूळ जर्मन म्हणून नोंदविणारे अमेरिकन पाच कोटी ऐंशी लाखांच्या घरात भरले, देशातील सर्वांत मोठा गट. आणि घरी जर्मन बोलणारे पंधरा लाखांहून थोडे अधिक. लहान मुलांच्या तोंडी ती भाषा जिवंत आहे अशी ठिकाणे थोडी, आणि त्यांत साउथ डकोटातील हटराइट पंथीयांच्या वसाहती येतात. शस्त्र धरणे त्यांच्या धर्मात निषिद्ध. १९१८ साली गणवेश घालण्यास नकार दिला म्हणून होफर आडनावाच्या तीन भावांना आणि त्यांच्या एका सोबत्याला अल्काट्राझच्या तुरुंगात अंधारकोठडीत टाकले होते. तेथून लेव्हनवर्थच्या तुरुंगात नेल्यावर, शस्त्रसंधी होऊन काही दिवस उलटल्यानंतर, दोघे भाऊ मरण पावले, आणि त्यांतल्या एकाची बायको शेवटचे दर्शन घ्यावयास गेली तेव्हा त्याच्या प्रेताला तोच गणवेश चढविलेला होता. युद्धरोखे घेत नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांची गुरे-मेंढ्या हाकून नेली. बहुतेक वसाहती उठून कॅनडात गेल्या. पुढे मंदीच्या दिवसांत शेते ओस पडू लागली आणि करवसुली आटली, तेव्हा साउथ डकोटाच्या विधिमंडळाने १९३५ साली सामुदायिक मालकीला मान्यता देणारा नवा कायदा करून त्यांना परतण्याची वाट मोकळी केली. त्यांच्यातले काही आले. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांचा उपदेशक आजही स्वतःचे व्याख्यान देत नाही. सतराव्या शतकात पूर्वजांनी लिहिलेली, हाताने नकलून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली प्रवचने तो उघडतो आणि जर्मनमध्ये वाचू लागतो.